वरळी ते बालेवाडी : ठरलेल्या निकालाच्या कुस्तीचा चढउतार

महाराष्ट्रात कुस्ती म्हटले की लाल मातीचा हौदा, हलगीचा ठेका, चढत जाणारी इनामाची रक्कम आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागेपर्यंत चालणारी निकाली झुंज असे चित्र पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांपुढे उभे राहत आले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मात्र याच शब्दाच्या आधाराने एक निराळा व्यवसाय येथे आला, दोनदा बहरला आणि दोनदा ओसरला. जाहिरातींत त्याला 'फ्रीस्टाईल कुस्ती' म्हणत, नव्वदच्या दशकातील मुले त्याला 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' म्हणत आणि तालमीतला वस्ताद त्याला एका शब्दात 'नुरा कुस्ती' म्हणून मोकळा होई. नुरा म्हणजे दोन्ही मल्लांनी आधी संगनमत करून खेळलेली, जिचा निकाल मैदानात उतरण्यापूर्वीच ठरलेला असतो अशी कुस्ती. जत्रेच्या फडातही मल्लाला पैसे मिळतात, त्यामुळे 'व्यावसायिक' या विशेषणाने हा भेद नीट उलगडत नाही. खरा भेद निकालाच्या ठरलेपणात आहे. ठरलेल्या निकालाचा हा खेळ मातीतल्या कुस्तीची एवढी जुनी परंपरा असलेल्या प्रांतात लोकप्रिय का झाला आणि पुढे घराच्या दिवाणखान्यातून का हटला, हे समजून घ्यायचे तर निकालाच्या खरेखोटेपणाहून पाहणाऱ्याच्या परिस्थितीकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

प्रारंभ संस्थानांच्या अस्तापासून करणे योग्य ठरेल. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले आणि १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान हे राजाश्रयाचे सर्वांत ठळक स्मारक होय. मल्लाचा खुराक, त्याची तालीम, त्याचे इनाम आणि म्हातारपणीची सोय या साऱ्यांचा भार दरबार उचलत असे आणि पंजाबपर्यंतचे नामवंत मल्ल या आश्रयाच्या ओढीने कोल्हापुरास येत. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा हा भार उचलणारे हात नाहीसे झाले. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणजे बँटमवेट गटातील कांस्यपदक, मिळवून दिले. पण त्या प्रवासाच्या खर्चासाठी त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांना स्वतःचे घर गहाण ठेवावे लागले, यावरून राजाश्रयानंतरच्या पोकळीची कल्पना येते. ही पोकळी भरण्याचा एक मार्ग संघटनेचा होता. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली, १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी पंजाबच्या बंतासिंगला हरवून हिंदकेसरीचा किताब आणला आणि १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा सुरू झाली. दुसरा मार्ग तिकिटाचा होता, आणि तो मुंबईतून जात होता.

तिकिटाच्या कुस्तीचा साचा अमेरिकेत घडलेला होता. खऱ्या झुंजी तासन्‌तास रेंगाळतात, त्यांतले मल्ल जायबंदी होतात आणि प्रेक्षक कंटाळतात, हे ध्यानात आल्यावर तेथील आयोजकांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात निकाल आधी ठरवून, वेळ बांधून आणि नायक-खलनायक वाटून देऊन हा खेळ गावोगाव फिरवायला सुरुवात केली. गुपित बाहेर फुटू न देण्याचा एक संकेतही या व्यवसायात रूढ झाला, त्याला तेथे 'केफेब' म्हणतात : रिंगणात एकमेकांचे वैरी असलेले दोघे रिंगणाबाहेरही लोकांसमोर एकत्र जेवत नसत. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत दूरचित्रवाणी पसरू लागली, तेव्हा ओबडधोबड कॅमेऱ्यांना झेपेल असा हा खेळ वाहिन्यांना आयताच सापडला. क्रिकेट किंवा बेसबॉलसारखे विस्तीर्ण मैदान नको, चार दोरखंडांत बांधलेली, प्रखर दिव्यांखालची वीस फुटांची जागा पुरे, आणि खर्चही नाममात्र. सोनेरी कुरळ्या केसांचा, अत्तर शिंपडत येणारा 'गॉर्जस जॉर्ज' हा त्या काळातला पहिला दूरचित्रवाणी-नट म्हणावा इतका प्रसिद्ध झाला. मात्र आठवड्यातून अनेक रात्री तेच दिसू लागल्यावर लोक विटले, वाहिन्यांना नाटके व विनोदी मालिका परवडू लागल्या, आणि १९५५ च्या आसपास राष्ट्रीय वाहिन्यांवरून कुस्ती जवळजवळ हद्दपार झाली. स्वस्त म्हणून आत घेतलेला पाहुणा घर श्रीमंत झाल्यावर बाहेर काढला गेला. पुढे भारतातही हाच क्रम थोड्या फरकाने घडणार होता.

मुंबईत पन्नास आणि साठच्या दशकांत जी फ्रीस्टाईलची लाट आली, तिच्या मागे दूरचित्रवाणी नव्हतीच, ही गोष्ट आज सहसा लक्षात घेतली जात नाही. अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावी १९२८ साली जन्मलेले दारासिंग सिंगापूर व मलायात हा व्यवसाय शिकून परतले होते. १९५४ साली त्यांना 'रुस्तम-ए-हिंद' हा किताब मिळाला आणि वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधील त्यांच्या लढती ही मुंबईच्या कामगारवस्तीपासून व्यापारी पेढ्यांपर्यंत सर्वांच्या चर्चेची बाब झाली. समोर उभा राहणारा मल्ल शक्यतो परदेशी, आकाराने अवाढव्य आणि नावाने भयंकर असे. 'किंगकाँग' या नावाने फिरणारा, हंगेरियन वंशाचा एमिल झाया हा त्यांपैकी सर्वांत गाजलेला. भिंतीवरच्या जाहिराती, वर्तमानपत्रांतील आव्हाने-प्रतिआव्हाने आणि तोंडोतोंडी पसरणारी वर्णने एवढ्याच साधनांवर ही कीर्ती उभी होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात, गोऱ्या आणि धिप्पाड पाहुण्याला डोक्यावर उचलून आपटणारा एक देशी मल्ल पाहणे ही कोणत्याही गुणतक्त्यात न मावणारी तृप्ती होती, आणि आयोजकांनी ती अचूक ओळखली होती.

२९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवले आणि जगज्जेतेपदाचा मान मिळवला, ही या पर्वाची परिसीमा मानली जाते. थेझची वयाची बावन्न वर्षे त्या वेळी पूर्ण झाली होती आणि अमेरिकेतील आपले मुख्य जगज्जेतेपद त्याने दोन वर्षांपूर्वीच गमावले होते. तरीही तो त्या व्यवसायातील अस्सल तालमीचा, खऱ्या डावपेचांची जाण असलेला मल्ल म्हणून जगभर मान्य होता. किताबाचे वजन त्याच्या कागदावर अवलंबून नसून तो कोणाच्या हातून मिळाला यावर होते, हे मुंबईच्या प्रेक्षकाने बरोबर हेरले.

या पहिल्या पर्वाचा अस्त आवाज न करता झाला. किंगकाँग १९७० साली सिंगापुरात वारला. दारासिंग स्वतः १९६२ च्या 'किंग काँग' आणि १९६३ च्या 'फौलाद' या चित्रपटांपासून रुपेरी पडद्याकडे वळलेलेच होते, आणि जो पराक्रम पाहायला महागडे तिकीट काढून वरळीस जावे लागे, तो तालुक्याच्या गावातील तंबूच्या टॉकीजमध्ये काही आण्यांत दिसू लागला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पण ते सरकारी होते, लोकशिक्षण हा त्याचा घोषित हेतू होता, आणि खासगी आयोजकाच्या तिकिटाच्या खेळाला त्यात जागा असणे शक्य नव्हते. अमेरिकेत ज्या माध्यमाने हा खेळ वाढवला आणि मग टाकून दिला, ते माध्यम मुंबईत पोहोचले तेव्हा खेळ संपत आला होता. दारासिंगांनी १९८३ साली निवृत्ती स्वीकारली, आणि १९८७ साली सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेत ते हनुमानाच्या रूपात घराघरांत आले. त्यांना दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या बहुसंख्य मराठी मुलांनी त्यांची एकही कुस्ती पाहिलेली नव्हती.

त्याच वर्षांत अमेरिकेत या व्यवसायाचे दुसरे बालपण सुरू झाले होते. तेथे केबलचे जाळे पसरल्यामुळे प्रांताप्रांतांत विभागलेली छोटी संस्थाने मोडून विन्स मॅकमॅहन यांच्या 'वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन'ने देशव्यापी बाजार काबीज केला. हल्क होगन हा त्याचा नायक, १९८५ साली सुरू झालेला 'रेसलमेनिया' हा त्याचा वार्षिक सोहळा, आणि ५ फेब्रुवारी १९८८ रोजी होगन व आंद्रे द जायंट यांची लढत सुमारे ३ कोटी ३० लाख अमेरिकनांनी दूरचित्रवाणीवर पाहिली, हा त्याचा उच्चांक. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर कंपनीने स्वतःच मान्य केले की हे प्रयोग म्हणजे क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन होय. खेळांवर देखरेख करणाऱ्या मंडळाचे नियम आणि कर यांतून सुटका व्हावी, हा त्यामागचा रोखठोक हेतू होता. अनेक दशके जपलेले गुपित व्यवहारापायी उघड केले गेले, आणि तरीही प्रेक्षक कमी झाले नाहीत.

महाराष्ट्रात हा खेळ पुन्हा आला तो उपग्रहावरून. १९९१ च्या आखाती युद्धाच्या थेट बातम्यांनी परदेशी वाहिन्यांविषयी कुतूहल निर्माण केले, त्याच वर्षी हाँगकाँगहून 'स्टार'च्या वाहिन्या सुरू झाल्या, आणि मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर मोठ्या तबकड्या, म्हणजे लोकभाषेतल्या 'छत्र्या', उभ्या राहिल्या. केबलवाला हा त्या काळाचा खरा वितरक होता : एका गच्चीवर छत्री, तेथून झाडांवरून, विजेच्या खांबांवरून आणि गॅलऱ्यांच्या कठड्यांवरून नेलेली काळी तार, आणि दर महिन्याला दारात येऊन रोख घेतले जाणारे भाडे. केबल व्यवसायाचा कायदा १९९५ साली आला, तोवर हे जाळे तालुक्यांच्या गावांपर्यंत जाऊन पोहोचले होते. 'प्राइम स्पोर्ट्स' आणि पुढे 'स्टार स्पोर्ट्स' या वाहिन्यांवर डब्ल्यूडब्ल्यूएफ दिसू लागले. वाहिन्या मोजक्या, मराठी खासगी वाहिनी एकही नाही, आणि इंग्रजी कार्यक्रम मुलांना कळत नाहीत, अशा स्थितीत ज्याचे सारे कथानक देहबोलीतून कळते असा हा एकच परदेशी कार्यक्रम होता. निवेदकाचे इंग्रजी न समजताही खलनायक कोण, विश्वासघात कोणी केला, खुर्ची कोणाच्या पाठीत बसली, हे सारे कळत होते.

लोकप्रियतेचे दुसरे साधन पडद्याबाहेर होते, आणि त्याचा उल्लेख इतिहासात क्वचितच होतो. शाळेजवळच्या दुकानांतून मिळणाऱ्या पत्त्यांच्या जोडात प्रत्येक मल्लाचे छायाचित्र, त्याचा क्रमांक, उंची, वजन, छाती आणि दंडाचे माप छापलेले असे. दोन मुले आपापला पत्ता उलटून एखादे माप सांगत आणि ज्याचे माप सरस तो समोरचा पत्ता जिंकून घेई. ज्या घरी केबल नव्हती त्या घरचा मुलगाही या पत्त्यांमुळे अंडरटेकर, ब्रेट हार्ट, योकोझुना, रेझर रमोन ही नावे तोंडपाठ जाणत होता. काळा झगा घालून, घंटेच्या टोल्यावर अंधारातून येणारा अंडरटेकर मरून पुन्हा जिवंत होतो, अशी दंतकथा शाळाशाळांतून फिरत होती, आणि १९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी' या हिंदी चित्रपटात तो अक्षयकुमारशी लढताना दिसल्यावर तिला बळच मिळाले. वस्तुतः त्या चित्रपटातील अंडरटेकर म्हणजे १९९४ साली अमेरिकेत त्याच्या नकलेची भूमिका केलेला ब्रायन ली हा दुसराच मल्ल होता. चित्रपटाच्या प्रेक्षकांना त्याचे सोयरसुतक नव्हते. झगा तोच, चाल तीच, मग माणूस कोण हा प्रश्न दुय्यम होता.

येथे एक विषयांतर आवश्यक आहे. हे प्रेक्षक फसवले जात होते काय, असा प्रश्न या कुस्तीविषयी नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरच्या डोंगरपट्ट्यात, कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या बोहाड्यात सापडते. बोहाडा किंवा भोवाडा म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी गावात रात्रभर चालणारा मुखवट्यांचा उत्सव. लाकडाचे अथवा कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे चढवून, संबळ आणि पिपाणीच्या तालावर गणपती, नरसिंह, रावण, नाना देव-दैत्यांची सोंगे मशालीच्या उजेडात नाचत येतात, आणि पहाटेच्या सुमारास देवी व महिषासुर यांचे युद्ध होऊन महिषासुर पडतो. तो पडणार हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते, कोणत्या घरचा माणूस ते सोंग घेतो हेही ठाऊक असते, तरी त्या युद्धासाठी अख्खा गाव रात्रभर जागतो. ठरलेल्या निकालाची झुंज पाहण्यात फसवणूक नसते. लोक तेथे निकाल शोधायला गेलेलेच नसतात, तो कसा घडवला जातो ते पाहायला गेलेले असतात. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात पॅरिसच्या कुस्तीविषयी जवळपास याच अर्थाचे विवेचन केले होते. पेठ-सुरगाण्याच्या प्रेक्षकाला ते ग्रंथावाचून अवगत होते. फरक एवढाच, की बोहाड्याचे सोंग गावाचे असते, त्याचा मान ठरलेल्या घराकडे असतो आणि सकाळी मुखवटा उतरला की तो माणूस शेजारी म्हणून भेटतो. पडद्यावरच्या सोंगाशी असे कोणतेही नाते नव्हते, आणि पुढच्या घसरणीचे बीज याच अंतरात होते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दोन कंपन्यांमध्ये सोमवारच्या रात्रीसाठी जीवघेणी स्पर्धा लागली. १९९५ साली प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूने आपला 'नायट्रो' हा कार्यक्रम डब्ल्यूडब्ल्यूएफच्या 'रॉ'समोर त्याच वेळी आणला आणि सलग ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत आघाडी राखली. तिला उत्तर देताना डब्ल्यूडब्ल्यूएफने शिवीगाळ, रक्तपात आणि शृंगार यांची मात्रा वाढवत नेली. साप्ताहिक कार्यक्रमांची विक्रमी प्रेक्षकसंख्या याच काळातली, आणि या खेळाची खरी किंमतही याच काळात दिसली. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे छतावरून दोरीने उतरण्याचा प्रयोग करताना ओवेन हार्ट हा ३४ वर्षांचा मल्ल खाली कोसळून मरण पावला, आणि त्या रात्रीचा कार्यक्रम तरीही पुढे चालू ठेवण्यात आला. निकाल ठरलेला असला तरी पडणारे शरीर खरे असते. २००७ साली ख्रिस बेन्वा याने पत्नी व मुलाची हत्या करून आत्महत्या केल्यानंतर डोक्यावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या आघातांचा मेंदूवर होणारा परिणाम हा उघड चर्चेचा विषय झाला. आपल्याकडच्या पालकांनी या कार्यक्रमावर घेतलेला आक्षेप मुले एकमेकांना गाद्यांवर आपटतात एवढ्यापुरताच होता, पण तो अस्थानी मुळीच नव्हता. 'हे घरी करून पाहू नका' ही पडद्यावरची सूचना कंपनीनेच देऊ केली होती.

मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली आणि स्पर्धा संपली. स्पर्धेबरोबर धारही गेली. मे २००२ मध्ये तीच आद्याक्षरे वापरणाऱ्या जागतिक वन्यजीव निधीशी झालेल्या नावाच्या दाव्यामुळे कंपनीचे नाव 'डब्ल्यूडब्ल्यूई' झाले, त्याच वर्षी भारतात 'टेन स्पोर्ट्स' ही वाहिनी सुरू झाली आणि हा खेळ तेथे स्थिरावला. घसरणीला काही काळ थोपवून धरले ते हिमाचल प्रदेशातील धिराइना गावच्या दलीपसिंग राणा यांनी. सात फुटांवर उंची असलेल्या या पोलीस कर्मचाऱ्याने 'द ग्रेट खली' या नावाने मे २००६ मध्ये खुद्द अंडरटेकरला हरवले आणि जुलै २००७ मध्ये जागतिक हेवीवेट किताब मिळवला. दारासिंगांच्या वेळचे सूत्रच येथे उलटे करून वापरले होते : वरळीत परदेशी राक्षसाला देशी नायक हरवी, अमेरिकेत भारतीय मल्लालाच राक्षसाचे सोंग देण्यात आले. भारतीय मुलांनी मात्र त्याला नायकच मानले. सोंग कोणते द्यायचे हे कंपनी ठरवू शकत होती, ते कसे पाहायचे हे नव्हे.

या लोकप्रियतेवर देशी उद्योग उभारण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न पुण्यात झाला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात डिसेंबर २०११ मध्ये 'रिंग का किंग' या मालिकेचे चित्रीकरण झाले. अमेरिकेतील 'टीएनए' या कुस्ती-कंपनीचे जेफ जॅरेट तिच्यामागे होते, एंडेमोल ही निर्मिती संस्था होती आणि २८ जानेवारी २०१२ पासून शनिवार-रविवारी 'कलर्स' या हिंदी वाहिनीवर ती दाखवण्यात आली. स्कॉट स्टायनर, मॅट मॉर्गन, सर ब्रूटस मॅग्नस असे परदेशी मल्ल आणि त्यांच्या जोडीला 'महाबली वीरा'सारखे भारतीय चेहरे, हिंदी निवेदन, भपकेबाज प्रवेश, संगीत, सारे काही होते. एकूण २६ भाग झाले आणि एप्रिल २०१२ मध्ये मालिका संपली. दुसरे पर्व आले नाही.

ती का रुजली नाही, याचा विचार केला तर जागेकडेच बोट जाते. बालेवाडीपासून काही मैलांवर भवानी पेठ, नाना पेठ येथे पिढीजात तालमी होत्या, जिल्ह्याजिल्ह्यांत जत्रांचे फड भरत होते, आणि ज्यांच्या तोंडी मल्लांच्या वंशावळी आहेत असे हजारो मराठी प्रेक्षक हाताशी होते. परंतु मालिकेत यातल्या कशाचाही मागमूस नव्हता. एका अखिल भारतीय हिंदी वाहिनीसाठी बनवलेल्या त्या मालिकेला पुणे हे केवळ छताखालचे एक मोकळे सभागृह होते. उलट ज्याला डब्ल्यूडब्ल्यूई आवडत असे त्याला मूळ माल टेन स्पोर्ट्सवर मिळतच होता. मातीचा प्रेक्षक आला नाही, केबलचा प्रेक्षक थांबला नाही. दारासिंगांच्या मागे एका पेटलेल्या काळाची भूक होती. 'रिंग का किंग'च्या मागे केवळ आराखडा होता.

तोवर घरातल्या पडद्याची परिस्थितीही पालटली होती. १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्यावर घरातल्या एकुलत्या एका दूरचित्रवाणी संचावर संध्याकाळी मराठी मालिकांचा हक्क प्रस्थापित झाला. २००८ पासून आयपीएलने उन्हाळ्याची सुट्टी व्यापली, आणि २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने सिद्ध केले की गावाकडचा खेळ, निकाल न ठरवताही, प्रखर दिवे आणि जवळून टिपणारे कॅमेरे यांच्या जोरावर घरोघर पाहिला जाऊ शकतो. सशुल्क क्रीडावाहिन्यांचे दर हे आणखी एक कारण. केबलवाल्याच्या सरसकट भाड्यात जे आपोआप येत होते, ते डिजिटल संचामुळे निवडून आणि मोजून घ्यावे लागू लागले. पेठसारख्या तालुक्यात, जेथे पाडे डोंगरकुशीत विखुरलेले आहेत आणि तार ओढणे केबलवाल्याला कधीच परवडण्याजोगे नव्हते, तेथे २००४ नंतर दूरदर्शनची मोफत छत्री हाच मुख्य आधार ठरला. तिच्यावर चित्रपट होते, बातम्या होत्या, भजने होती, पण पैसे मोजून पाहायच्या क्रीडावाहिन्या नव्हत्या. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आले आणि तीन तासांचा कार्यक्रम पाहण्याऐवजी त्यातला दोन मिनिटांचा तुकडा भ्रमणध्वनीवर पाहण्याची सवय सर्वत्र रुजली. मे २०१७ मध्ये भारतीय वंशाचा कॅनेडियन मल्ल जिंदर महाल मुख्य किताबाचा मानकरी झाला, त्यामागे भारतीय बाजारपेठेवरची नजर स्पष्ट दिसत होती. खलीच्या वेळची खळबळ मात्र पुन्हा झाली नाही.

असे असले तरी या पर्वाचे परिणाम पुसले गेले नाहीत, आणि ते अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे खऱ्या कुस्तीत, दिसून येतात. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेली प्रो रेसलिंग लीग आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये झी टॉकीजने भरवलेली 'महाराष्ट्र कुस्ती दंगल' यांत निकाल खरे होते, नियम आंतरराष्ट्रीय होते, पण मल्लाचा धुरातून होणारा प्रवेश, त्याच्या नावाआधीचे संगीत, संघांची नावे आणि गणवेश, लढतीपूर्वीची नजरानजर हे सारे डब्ल्यूडब्ल्यूईकडून आलेले होते. दंगलीचे ठिकाण पुन्हा बालेवाडीच होते. जानेवारी २०२० मध्ये त्याच संकुलात झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नाशिक जिल्ह्याकडून उतरलेल्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेवर मात केली. दोघेही अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार यांच्या पुण्यातील तालमीत एकत्र घडलेले होते. नुरा कुस्तीची शंका घ्यायला यापेक्षा सोयीची जोड मिळाली नसती, आणि तरी ती कोणी घेतली नाही, कारण एका तालमीच्या दोन पठ्ठ्यांना एकमेकांचे सारे डाव ठाऊक असताना झालेली ती शेवटच्या क्षणापर्यंतची झटापट हजारो लोकांनी समोर आणि लाखोंनी पडद्यावर पाहिली होती.

ठरलेल्या निकालाची कुस्तीही थांबलेली नाही, तिने केवळ घर बदलले आहे. जानेवारी २०२५ पासून 'रॉ' अमेरिकेत नेटफ्लिक्सवर गेले, त्यासाठी दहा वर्षांचा पाच अब्ज डॉलरहून मोठा करार झाला, आणि १ एप्रिल २०२५ पासून भारतातील हक्कही सोनीच्या वाहिन्यांकडून नेटफ्लिक्सकडे आले. ज्याच्याकडे वर्गणी आहे त्याने, ज्या वेळी वाटेल त्या वेळी, एकट्याने पाहावे असा हा कार्यक्रम आता झाला आहे. शेजारच्या घरी दाटीवाटीने बसून पाहण्याचा तो राहिला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या लढती झाल्या, पृथ्वीराज मोहोळने चांदीची गदा उचलली, आणि एका लढतीत पाठ टेकली की नाही या पंचांच्या निर्णयावरून मैदानात मोठा वाद पेटला. त्या काही सेकंदांचे चित्रण राज्यभर हातोहाती फिरले. सांगली-कोल्हापूरपासून नाशिकच्या डोंगरपट्ट्यापर्यंत लोक ते थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून पाहत होते आणि खांदा टेकला की हवेत होता यावरून एकमेकांशी भांडत होते.